रस्त्याचा पैसा आणि फ्लॅटचा पैसा: एका ठेकेदार-विकासकाचे प्रकरण

पुण्याच्या पूर्वेकडे अर्ध्यावर थांबलेला एक गृहप्रकल्प, त्यात घर घेतलेली 148 कुटुंबे आणि तीस वर्षे रस्ते-कालवे बांधून मग इमारतींकडे वळलेला एक विकासक यांचे हे प्रकरण आहे. खरेदीदारांच्या समितीने हिशेब तपासायला मला बोलावले होते, त्यामुळे कागद मी पाहिले आणि बैठकांनाही बसलो. नावे दिलेली नाहीत. आकडे पूर्णांकात आणले आहेत आणि ओळख पटू नये इतपत बदलले आहेत, पण त्यांचा एकमेकांशी असलेला मेळ तसाच ठेवला आहे. विकासकाला साइटवर मुकादमापासून बँकेच्या अधिकाऱ्यापर्यंत सगळे ‘अण्णा’ म्हणत, म्हणून इथेही अण्णाच.

पार्श्वभूमी

अण्णांचे गाव माणदेशातले, कोरडवाहू. 1972 च्या दुष्काळात त्यांचे वडील गावाजवळच्या रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात. अण्णा तेव्हा शाळेत होते. पुढे त्यांनी सरकारी तंत्रनिकेतनातून स्थापत्यची पदविका घेतली आणि एका मोठ्या ठेकेदाराकडे सुपरवायझर म्हणून लागले.

त्यांचा स्वतःचा धंदा उभा राहिला तो कृष्णा खोऱ्यात. कृष्णेच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या बच्छावत लवादाने महाराष्ट्राच्या वाट्याला दिलेले पाणी 2000 सालापर्यंत अडवायचे म्हणून 1996 मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले. रोखे काढून पैसा उभारला गेला आणि पश्चिम महाराष्ट्रात धरणांची, कालव्यांची, बोगद्यांची कामे एकाच वेळी निघाली. ज्याच्याकडे दोन टिपर आणि भाड्याचा पोकलेन होता, त्यालाही पोटठेका मिळू लागला. अण्णा अशाच पोटठेक्यातून वर आले. मातीकाम, मग अस्तरीकरण, मग स्वतःच्या नावावर नोंदणी आणि स्वतःचा खडी क्रशर.

काम भरपूर होते, पण बिले वेळेवर निघत नसत. काम झाले, मोजमाप पुस्तिकेत नोंद झाली, तरी पैसा यायला सहा महिने, वर्षही लागायचे. अशा स्थितीत तगून राहायची एकच रीत होती. एका साइटचे बिल निघाले की त्यातून दुसऱ्या साइटचे डिझेल भरायचे, दुसरीच्या बिलातून तिसरीच्या मजुरांचा पगार करायचा. अण्णांचे यात कौशल्य होते. मजुरांचा आठवड्याचा बाजार त्यांनी कधी चुकवला नाही आणि सिमेंटवाल्याचे पैसे बुडवले नाहीत. सातारा-सांगली पट्ट्यात त्यांच्या शब्दावर माल मिळायचा, आणि ही पत त्यांनी कष्टाने कमावलेली होती.

ठेकेदाराचा पैसा काम झाल्यावर येतो. आधी त्याने स्वतःचा घातलेला असतो, म्हणून बिल हातात पडते तेव्हा ती रक्कम खरोखर त्याची असते. ती कुठेही फिरवली तरी कोणाचे नुकसान होत नाही. विकासकाचा पैसा काम होण्याआधी येतो, आणि घर बांधून देईपर्यंत तो घर घेणाऱ्याचा असतो. या प्रकरणात पुढे जे घडले ते जवळजवळ सगळे या एका फरकातून घडले.

2000 नंतर राज्यात बीओटीचे वारे आले. स्वतःच्या आणि कर्जाच्या पैशातून रस्ता बांधायचा, ठरलेली वर्षे टोल घ्यायचा आणि मग रस्ता सरकारला परत द्यायचा. अण्णांनी एका राज्यमार्गाचे काम घेतले. त्यासाठी वेगळी कंपनी काढली, बँकेचे कर्ज घेतले आणि त्याला वैयक्तिक हमी दिली. पहिली काही वर्षे नाका चांगला चालला. रोज रात्री रोकड जमा व्हायची आणि महिन्याचा हप्ता बिनबोभाट जायचा.

या भरवशावर ते 2012 मध्ये पुण्याच्या बांधकाम क्षेत्रात उतरले. तेव्हा पूर्वेकडच्या आयटी पार्कांमुळे त्या पट्ट्यात मागणी जोरात होती. त्यांनी शेतकऱ्यांकडून 12 कोटींची जमीन थेट विकत घेतली, बहुतांश खासगी कर्जावर. तीन इमारती, 212 फ्लॅट. 2014 मध्ये बुकिंग सुरू झाले आणि करारनाम्यात ताब्याची तारीख डिसेंबर 2018 लिहिली गेली.

अडचण कशी वाढत गेली

31 मे 2015 च्या रात्रीपासून राज्य सरकारने 12 टोलनाके बंद केले आणि 53 नाक्यांवर मोटारी, छोटी वाहने व एसटी यांना टोलमाफी दिली. अण्णांचा नाका त्या 53 मध्ये होता. बुडालेल्या टोलची भरपाई देण्याचे सरकारने मान्य केले होते, पण वाहनांची गणना, पडताळणी आणि मंजुरी या टप्प्यांतून रक्कम हातात यायला वेळ लागत गेला. बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याला उभाच.

त्या पावसाळ्यात अण्णांनी जो निर्णय घेतला तो कुठल्याही बैठकीत झाला नाही. दोन इमारतींचे स्लॅब टाकले जात होते, डिमांड लेटर म्हणजे हप्त्याच्या मागणीची पत्रे गेली की ग्राहकांच्या बँकांकडून पैसे येत होते. त्यातून टोल कंपनीचा हप्ता भरला गेला. भरपाई आली की परत घालू, असे खातेवहीत ‘हातउसने’ म्हणून लिहिले. पुढच्या महिन्यात तेच झाले, त्याच्या पुढच्या महिन्यातही. अण्णांच्या मते यात काही चुकीचे नव्हते, कारण वीस वर्षे ते हेच करत आले होते. तेव्हा लागू असलेल्या 1963 च्या मोफा या महाराष्ट्राच्या फ्लॅट-मालकीच्या कायद्यातही ग्राहकांची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून ठरल्या कामासाठीच वापरण्याची तरतूद होती. प्रत्यक्षात तिची तपासणी कोणी करत नसे.

इथे हप्त्यांच्या रचनेबद्दल सांगायला हवे, कारण घर घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ती नीट कळलेली असते. स्लॅबनिहाय हप्त्यांत सगळे स्लॅब पूर्ण होईपर्यंत ग्राहकाकडून किमतीच्या 70 टक्क्यांपर्यंत रक्कम घेतली जाते. पुढे आलेल्या रेरा या घर खरेदीदारांच्या संरक्षणाच्या कायद्याखालच्या महाराष्ट्राच्या नमुना करारनाम्यातही हीच मर्यादा आहे. पण आरसीसी सांगाड्याचा खर्च एकूण बांधकाम खर्चाच्या साधारण निम्म्यापर्यंतच असतो. फरशी, प्लंबिंग, वायरिंग, खिडक्या, लिफ्ट, मलनिस्सारण ही सगळी कामे पुढे उरलेली असतात. म्हणजे सांगाडा उभा राहतो त्या क्षणी विकासकाच्या हातात त्याने केलेल्या कामापेक्षा जास्त पैसा असतो. तो जपला तर इमारत पुरी होते, दुसरीकडे गेला तर सांगाडाच उरतो. पुण्या-मुंबईच्या कडेने थांबलेल्या इमारती बहुधा याच टप्प्यावर थांबलेल्या दिसतात, त्यामागे हे गणित आहे.

1 मे 2017 पासून रेरा पूर्णपणे लागू झाला आणि चालू प्रकल्पांना 31 जुलैपर्यंत नोंदणी करायची होती. इथून पुढे ग्राहकांच्या पैशातले 70 टक्के वेगळ्या खात्यात, आणि ते काढायला अभियंता, वास्तुविशारद व सनदी लेखापालाचा दाखला. नोंदणी करताना अण्णांनी प्रकल्प पुरा होण्याची तारीख डिसेंबर 2020 टाकली. करारनाम्यापेक्षा ती दोन वर्षांनी पुढची होती. ग्राहकांना याचे वेगळे पत्र गेले नाही. मुंबई उच्च न्यायालयाने नीलकमल रिअल्टर्स प्रकरणात 6 डिसेंबर 2017 रोजी स्पष्ट केले की नोंदणीत नवी तारीख टाकल्याने ग्राहकाशी केलेला करार बदलत नाही. त्यामुळे उशिराच्या व्याजाचा हिशेब डिसेंबर 2018 पासूनच सुरू होणार होता.

पुढचा घाव बाहेरून आला. 2017 च्या अखेरीस अण्णांनी एका वित्त कंपनीकडून प्रकल्पावर कर्ज घेतले होते. 20 कोटी उचलले होते आणि उरलेले टप्प्याटप्प्याने मिळायचे होते. सप्टेंबर 2018 मध्ये आयएल अँड एफएस या बड्या वित्त कंपनीने देणी थकवली आणि बिगरबँक वित्त कंपन्यांकडे येणारा पैसाच आटला. अण्णांचे पुढचे टप्पे थांबले. 2019 च्या उन्हाळ्यात साइटवर सेंट्रिंगच्या फळ्या आणि दोन वॉचमन एवढेच उरले.

हिशेब उघडला तेव्हा

पहिले आठ महिने ग्राहकांना तारखाच मिळत होत्या. दिवाळीनंतर, पाडव्यानंतर, पावसाळ्यानंतर. व्हॉट्सॲप ग्रुपवर संताप होता. काहींनी महारेरा या रेराखालच्या राज्य प्राधिकरणाकडे तक्रारी दाखल केल्या, काहींनी पोलिसांत जायचे ठरवले. घरभाडे आणि कर्जाचा हप्ता दोन्ही भरणारी तरुण जोडपी त्यात होती, निवृत्तीचा फंड घातलेले एसटीचे वाहक होते आणि आखातात काम करणारे काही जण होते. त्यांचा राग पूर्णपणे रास्त होता.

समितीवरच्या एका निवृत्त शिक्षिकेने अण्णांना वेगळाच प्रश्न विचारला. “अण्णा, तारीख नको. आमचे पैसे आज कुठे आहेत तेवढं सांगा.” अण्णा त्या दिवशी गप्प राहिले. पंधरवड्यानंतर ते स्वतः साइट ऑफिसला आले, सोबत धाकटी मुलगी होती आणि त्यांच्या सगळ्या कंपन्यांच्या खातेवह्या. हे प्रकरण सुटण्यातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा मी हाच मानतो. वकिलांनी त्यांना असे करू नका म्हणून सांगितले होते, कारण खातेवही दाखवणे म्हणजे पैसे वळवल्याची कबुलीच. त्यांच्या मुलीचे म्हणणे असे की लपवले तर पोलिसांकडून कळणारच आहे, आपण दाखवले तर निदान बोलणी होतील.

हिशेब असा निघाला. विकलेल्या 148 फ्लॅटची एकूण किंमत 53 कोटी, त्यातले 39 कोटी ग्राहकांनी भरलेले. वित्त कंपनीचे 20 कोटी धरून आत आले 59 कोटी. त्यातले जमिनीचे 12 आणि बांधकामाचे 30 जाता 17 कोटी प्रकल्पाबाहेर गेले होते: 9 टोल कंपनीच्या हप्त्यांना, 5 जमिनीच्या खासगी कर्जाच्या व्याजाला आणि 3 एका रस्त्याच्या कामात. ग्राहकांनी सुमारे 74 टक्के पैसे दिले होते, काम झाले होते 55 टक्के.

पुढचे चित्र: काम पुरे करायला 24 कोटी, वित्त कंपनीचे व्याजासह देणे 25 कोटी, एकूण 49. येणे म्हणजे विकलेल्या फ्लॅटचे उरलेले 14 आणि न विकलेल्या 64 फ्लॅटचे सुमारे 26, एकूण 40. खड्डा 9 कोटींचा. खड्ड्याची खोली कळल्यावर बैठकीतला आवाज खाली आला. तोवर लोकांच्या मनात पन्नास कोटी घेऊन पळाला अशीच कल्पना होती.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय परताव्याचा. रेराच्या कलम 18 प्रमाणे ताबा वेळेवर नसेल तर ग्राहक पैसे व्याजासह परत मागू शकतो. महाराष्ट्रात हा व्याजदर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरपेक्षा, म्हणजे कर्जाच्या आधारभूत दरापेक्षा, दोन टक्के अधिक असतो. हक्क पक्का, आदेशही मिळाले असते आणि जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुलीही लावता आली असती. पण 148 जणांना एकदम देण्याइतके तिथे काही नव्हते. आधी पोचलेल्या वीस-पंचवीस जणांना मिळाले असते, बाकीच्यांना सांगाडा.

दुसरा, दिवाळखोरी. 2018 च्या दुरुस्तीने घर घेणाऱ्यांना वित्तीय धनको, म्हणजे कंपनीला कर्ज देणाऱ्यांसारखेच, मानले गेले, आणि डिसेंबर 2019 च्या अध्यादेशानंतर प्रकल्पातले 100 किंवा 10 टक्के ग्राहक, यांतली जी संख्या कमी असेल ती, एकत्र आली तर राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे जाता येत होते. इथे 15 जण पुरले असते. समितीतल्या काही तरुण सदस्यांचा याच मार्गाकडे ओढा होता. माझे मत विरोधात होते. एवढ्या लहान प्रकल्पाला चांगला बोलीदार मिळेल याची खात्री नव्हती, आणि कंपनी अवसायनात गेली, म्हणजे मालमत्ता विकून बंद करायची वेळ आली, तर तारण असलेल्या वित्त कंपनीचे पारडे जड झाले असते.

केंद्राने नोव्हेंबर 2019 मध्ये अडकलेल्या प्रकल्पांसाठी जाहीर केलेल्या 25,000 कोटींच्या ‘स्वामीह’ निधीचाही विचार झाला. घरांच्या किमती त्याच्या मर्यादेत बसत होत्या. पण या निधीच्या पैशाला परतफेडीत पहिला हक्क लागतो, आणि मागे सरकायला आधीची वित्त कंपनी तयार झाली नाही.

रेराच्या कलम 8 खाली, नोंदणी संपल्यावर, ग्राहकांच्या संघटनेने स्वतः काम पुरे करण्याचा मार्ग होता. त्यासाठी नोंदणी संपण्याची वाट पाहायला हवी होती, शिवाय नोकरी करणाऱ्या लोकांनी 24 कोटींचे काम चालवायचे होते.

उरला रेराच्याच कलम 15 चा मार्ग. प्रकल्प दुसऱ्या विकासकाकडे सोपवायचा. त्याला विकासकाशी संबंधित लोक वगळून दोन तृतीयांश ग्राहकांची लेखी संमती आणि महारेराची पूर्वपरवानगी लागते. एकाने दोन फ्लॅट घेतले असले तरी त्याचे मत एकच धरले जाते. इथे 99 संमत्या हव्या होत्या.

केलेली कृती

नवा विकासक शोधायला सोपा नव्हता. 9 कोटींचा खड्डा भरल्याशिवाय कोणी हात लावायला तयार नव्हते. म्हणून आधी खड्डा भरायचा असे ठरले.

अण्णांची महामार्गालगत जमीन होती, कालव्याच्या कामांच्या नफ्यातून घेतलेली. क्रशर तिथेच होता. ती विकायला काढली. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि दोन गिऱ्हाइके मागे गेली. मग सरकारने मुद्रांक शुल्कात 1 सप्टेंबर ते 31 डिसेंबर 2020 तीन टक्क्यांची आणि पुढे मार्चअखेरपर्यंत दोन टक्क्यांची सवलत दिली, तेव्हा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात खरेदीखत झाले. 5 कोटी आले. टोल कंपनीतला हिस्सा, थकीत भरपाईच्या हक्कासकट, एका मोठ्या ठेकेदाराला विकून 2 कोटी आले. वित्त कंपनीने 5 कोटी व्याजातले 2 कोटी सोडले, तेही चार बैठकांनंतर. त्यांना पटलेला मुद्दा साधा होता: सांगाड्याच्या तारणावर लिलावात काय येईल ते त्यांनाही माहीत होते.

माणदेशातली वडिलोपार्जित जमीन अण्णांनी विकली नाही. समितीतल्या काहींचा तीही विका असा आग्रह होता. माझ्या मते तो ताणला गेला नाही हे बरे झाले. तिची किंमत थोडी होती, आणि सगळे गेलेला माणूस पुढच्या दोन वर्षांच्या कामात उभा राहिला नसता. ठेकेदार, पुरवठादार आणि कार्यालये यांच्याशी असलेली त्याची ओळख आम्हाला हवी होती.

नवा विकासक डीएम (डेव्हलपमेंट मॅनेजमेंट) तत्त्वावर आला. पैसा त्याचा नाही, व्यवस्थापन त्याचे. न विकलेल्या फ्लॅटच्या विक्रीवर 8 टक्के शुल्क. ग्राहकांनी भाववाढ द्यायची नाही आणि बदल्यात उशिराचे व्याज सोडायचे, अशी तडजोड ठरली. ही तडजोड स्वस्त नव्हती. चार वर्षांचे व्याज हा अनेकांसाठी काही लाखांचा प्रश्न होता, आणि म्हणून घरोघर जाऊन समजावताना समितीने कोणावर दबाव आणला नाही. आखातातल्या सदस्यांची कुलमुखत्यारपत्रे मागवावी लागली. शेवटी 117 संमत्या जमल्या. खाते समितीच्या एका सदस्याच्या सहमतीशिवाय वापरायचे नाही आणि दर महिन्याला जमाखर्च ग्रुपवर टाकायचा, या दोन अटी करारात लिहून घेतल्या.

कोविडमुळे महारेराने 2020 आणि 2021 मध्ये प्रत्येकी सहा महिन्यांची मुदतवाढ दिली होती, त्यामुळे नोंदणीची मुदत डिसेंबर 2021 पर्यंत गेली होती. हस्तांतराची मंजुरी तिच्या आत मिळाली.

परिणाम

पहिल्या इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र 2022 च्या अखेरीस आले, उरलेल्या दोन्हींचे 2023 मध्ये. करारातल्या तारखेपेक्षा चार-पाच वर्षे उशीर. काम पुन्हा सुरू झाल्यावर फ्लॅटचे दर थोडे वाढले होते, नव्या विकासकाचे शुल्क त्यातून निघाले. वित्त कंपनीचे कर्ज फिटले.

संमती न दिलेल्या 31 जणांपैकी बहुतेकांनी नंतर ताबा घेतला. नऊ जणांनी तक्रारी चालवल्या, आदेश मिळवले, आणि त्यांचे व्याज शेवटच्या हप्त्यातून वळते करून दिले गेले. त्यांनी तसे केले याबद्दल कोणी वाईट बोलू नये. तो त्यांचा हक्क होता.

या सगळ्यात अण्णांना नफा झाला नाही. टोल गेला, क्रशर गेला. आता ते पुन्हा रस्त्यांची कामे घेतात, लहान, स्वतःच्या भांडवलावर झेपतील एवढीच. कंपनीचे काम मुलगी पाहते आणि प्रत्येक कामाचे बँक खाते वेगळे आहे.

वेगळे काय करता आले असते

ग्राहकांच्या बाजूने पाहिले तर पहिला इशारा 2017 मध्येच उपलब्ध होता. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची नवी तारीख कोणालाही दिसत होती, 148 पैकी कोणी ती पाहिली नव्हती. तेव्हा विचारणा झाली असती तर काम चालू असताना, वित्त कंपनीचे कर्ज घेण्याआधी हा हिशेब झाला असता. डिमांड लेटर आले की स्लॅबचा फोटो पाहून लोक समाधान मानत. उरलेल्या कामाला किती खर्च आहे आणि तो कुठून येणार, हे विचारायला हवे होते. विकासकाने दर तिमाहीला भरायची माहिती यासाठीच असते.

अण्णांना मी नंतर विचारले, तुम्ही काय बदलाल? ते म्हणाले, “2015 लाच टोल विकायला हवा होता. तोट्यात गेला असता तरी.” हे खरे आहे. माफीच्या पहिल्या वर्षी त्या कंपनीला चार कोटींच्या आसपास गिऱ्हाईक होते, पाच वर्षांनी दोन मिळाले, आणि मधल्या काळात ग्राहकांचे नऊ कोटी तिच्यात गेले.

तरी माझे मत थोडे वेगळे आहे. वळण आधीच चुकले होते, 2012 मध्ये, जमीन कर्जावर विकत घेतली तेव्हा. त्याच पट्ट्यातले काही विकासक तेव्हा शेतकऱ्यांशी विकसन करार करत होते. शेतकऱ्याला विक्रीत वाटा, हातात थोडा बयाणा, आणि बांधकाम विकासकाचे. त्यात नफा कमी पडतो, म्हणून अण्णांनी तो मार्ग सोडला. पण मग परवानग्या मिळेपर्यंतची दोन वर्षे 12 कोटींवर व्याज चालू राहिले, आणि बुकिंगचा पहिला पैसा ते फेडण्यातच गेला. शेतकऱ्याला वाटा दिला असता तर प्रकल्पावर व्याजाचा बोजा नसता, आणि 2015 मध्ये टोल अडला तेव्हा त्याचे हप्ते भरायला अण्णांच्या गाठीशी स्वतःचे, घर घेणाऱ्यांचे नव्हे, थोडे पैसे शिल्लक असते. अण्णा हे मान्य करत नाहीत. त्यांच्या मते तेव्हा कोणताही शेतकरी त्यांच्यासारख्या पुण्यात नव्या माणसाशी वाट्याचा करार करायला तयार झाला नसता, आणि त्यांनी तसे दोघांना विचारूनही पाहिले होते.